गोठ्यालगतचे हंडे

माझ्या बहिणीच्या सासरी एक रीत होती: सुनेबरोबर आलेली पितळेची भांडी पहिलं मूल होईपर्यंत वापरायची नाहीत. सून मात्र पहिल्या दिवसापासून वापरायला हरकत नव्हती. सत्तर सालच्या आसपास दोंडाईच्याजवळच्या त्या मोठ्या खटल्याच्या घरात आमची अक्का सून म्हणून गेली आणि वडिलांनी धुळ्याहून हौसेने आणलेले हंडे गोठ्यालगतच्या खोलीत गोधडीखाली गेले. भिंतीपलीकडे बैल, म्हशी आणि मुताचा दर्प. डोळे चुरचुरायचे.

पावसाळ्यानंतर गोधडी काढली, तर हंड्यांना काठापासून खाली चिरा पडलेल्या. सासऱ्यांनी मला जळगावहून बोलावून घेतलं.

"आम्हीन हात बी नही लावा, भाऊ. तुम्हना हंडा आपेआप फुटनात. हाऊ तुम्हनी बहीनना पायगुण शे."

अक्का दाराआड उभी होती. तिला माहेरी नेऊन सोडायची भाषा घरात सुरू झाली होती.

मी तेव्हा पंपांच्या कारखान्यात धातू तपासायचो. चिरेजवळचा तुकडा कापून नेला, घासून गुळगुळीत केला, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पितळ वरून एकसंध दिसतं. आत बारीक कण शेजारशेजारच्या शेतांसारखे खेटून असतात आणि मधे त्यांच्या सीमा. चिरेने एकही कण फोडला नव्हता, ती सीमेसीमेने गेली होती. थंड पत्रा दाबून, ठोकून हंडा घडवला की ताण आत राहतो. शेवटी बेताने तापवलं की तो निघतो. आणखी तापवलं, तर बहुतेक त्या सीमांवरूनच नवे कण उगवतात आणि पितळ मऊ होतं. पण तापवल्याने रंग काळवंडतो आणि गिऱ्हाइकाला झळाळी हवी असते, म्हणून हंडे बनवणाऱ्याने ते टाळलं होतं. ताण राहिलेल्या पितळेला मुताची दमट वाफ लागली की ती नेमकी सीमांवरच घाव घालते.

हे सगळं मी ओसरीवर बसून, शेतांचे बांध दाखवत समजावलं. तंबाखू मळत सगळ्या बाप्यांनी ऐकलं. पायगुणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, पण चुकलं असंही कुणी म्हणालं नाही. त्या घरात तो शब्दच नव्हता.

सासरे शेवटी एवढंच बोलले, "मंग आते भांडा गोठाजोडे ठेवाना नहीत. पितळले हाई हवा सोसस नही."

अक्काचं माहेरी जाणं टळलं. तिच्या उरलेल्या घागरी आणि पराती त्याच दिवशी माजघरात गेल्या. माझं शिक्षण सार्थकी लागलं, अशा थाटात मी एस.टी.त बसलो.

दिवाळीला तिला आणायला गेलो तेव्हा ती खोकत होती. गोठ्यालगतची खोली रिकामी झाली होती, म्हणून घरच्यांनी तिची खाट तिथे टाकली होती. गुरांकडेही लक्ष राहील, असं सासूबाई मला कौतुकाने सांगत होत्या. मला त्या माणसांची आजही किळस येते.