झाडं लावून चुकलेले दाजी

आक्काचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात सात रस्ता चौकात चहाच्या गाड्यापाशी उभा होतो. ती एरवी आधी माझ्या गुडघ्यांची, मग सुनेची आणि शेवटी सोलापुरातल्या उन्हाची चौकशी करते. त्या सकाळी तिनं कशाचीच केली नाही. "तुझं दाजी गेलं रं," एवढंच आधी म्हणाली, मग म्हणाली, "पहाटं गेलं. काल माळावरनं आलं, म्हनालं छातीवर जड वाटतंया, उद्या दवाखान्यात जाऊ. उद्या कुटला आलाय." चहा तसाच ठेवला आणि बार्शीच्या रस्त्याला लागलो. ह्या गोष्टीला आता दीड महिना होत आला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्यांदा हसूच येतं, आणि ते त्यांनाही चाललं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांना नाना म्हणायचं. जन्मभर सरकारी रोपवाटिकेत नोकरी केली, काळ्या पिशव्यांत माती भरली, रोपं वाढवली. लग्नात नवरदेवाच्या नखांतली माती हळदीनंही निघाली नव्हती, त्यावरून आमच्या मावशीनं नाक मुरडलेलं मला आठवतं. मेव्हण्यानं दाजींची खोडी काढायची ही आपल्याकडची रीतच आहे, म्हणून मी त्यांना 'पिशवीवाले दाजी' म्हणायचो. मी शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी त्याची परतफेड केली. सगळा फ्लॅट फिरून बघितला आणि म्हणाले, "मेव्हणं, तुमी बी पिशवीतच की! आन मुळ्या गोल फिराय लागल्यात तुमच्या." पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाच्या मुळ्या आतल्या आत गोल फिरतात आणि मग ते रोप कुठंच धड रुजत नाही, हे मला पुढं कधीतरी कळलं.

त्याच फ्लॅटमध्ये आईला करमेना. दिवसभर खिडकीत बसायची, जेवण टाकायची. एक दिवस दाजी न सांगता आले आणि दारातूनच म्हणाले, "मामी, चला. म्हैस तुमची वाट बघतीया." मुलगा असताना आईनं जावयाच्या घरी राहायचं, लोक काय म्हणतील, असं मी पुटपुटलो. दाजी म्हणाले, "लोकांस्नी म्हैस पाळायला सांगा." आई गेली, ती शेवटपर्यंत तिकडंच राहिली. रोज विळा घेऊन गावामागच्या माळावर जायची आणि म्हशीला गवताचा भारा घेऊन यायची. माझ्याकडं असताना जिला जिना उतरवत नव्हता, ती तिथं भारा डोक्यावर घेऊन चालत होती. हे उपकार मी दाजींना कधी बोलून दाखवले नाहीत. बोललो असतो तर त्यांनी थट्टाच केली असती, पण बोलायला हवं होतं.

आई वारली त्याच्या आदल्या वर्षी दाजी निवृत्त झाले आणि माळाच्या मागं लागले. कागदोपत्री तो माळ पडीक. पडीक म्हटलं की आपल्या माणसाला तिथं काहीतरी उभं करायची घाई होते. दाजींनी गाव गोळा केलं, खड्डे काढले, टँकरनं पाणी घातलं आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुलिंब असं हाताला येईल ते लावत सुटले. त्यातच त्यांनी एक नवी चाल पाडली. माणूस गेलं की रक्षा नदीत सोडायची नाही. आधीच भीमेची काय दशा झालीय ते बघा, म्हणायचे. त्याऐवजी माळावर खड्डा काढायचा, रक्षा त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. नदीही वाचते आणि माणूसही सावलीच्या रूपानं राहतो. पहिली रक्षा त्यांच्या स्वतःच्या आईची, दुसरी माझ्या आईची. आईचा कडुलिंब मी माझ्या हातानं लावला. मग सगळं गावच आपली माणसं माळावर आणू लागलं. मी ह्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यावर 'वैराणाचं नंदनवन' असा लेख लिहिला होता. आज ते शीर्षक आठवलं तरी कान गरम होतात.

हिराबाई नावाची धनगरीण दरवर्षी मेंढरं घेऊन त्या माळावर उतरते. झाडं डोक्याच्या वर गेली त्या वर्षी ती आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि दाजींना म्हणाली, "झाडं लई ग्वाड हायती, नाना. पर माझ्या मेंढरांनी काय वर बघून प्वाट भरायचं?" दाजी हसले. घरी येऊन आक्कालाही सांगितलं आणि पुन्हा हसले. पण ते वाक्य त्यांच्या पायात काट्यासारखं मोडलं. त्यानंतर ते झाडांकडं बघायचं सोडून झाडांखाली बघायला लागले. खाली गवत नव्हतं. अर्धं खड्ड्यांनी गेलं होतं, अर्धं सावलीनं. जमीन शाळेच्या पटांगणासारखी उघडी पडली होती.

त्यात हल्लीचा पाऊस. पूर्वी चार महिने थोडाथोडा पडायचा, आता महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग एका दुपारी सगळाच कोसळतो. तसा एकदा कोसळला तेव्हा दाजी डोक्यावर पोतं घेऊन माळावर गेले. झाडांच्या बाजूनं उतरणारं पाणी आणि पलीकडं दगडधोंड्यांमुळं खड्डे न काढता आलेल्या, गवताच्या बाजूनं झिरपणारं पाणी, दोन्ही त्यांनी रिकाम्या बाटल्यांत भरून आणलं आणि ओसरीच्या कट्ट्यावर मांडलं. "एकीत च्या, एकीत पाणी," असं आक्का म्हणायची. चार दिवसांनी चहाच्या बाटलीत बोटभर गाळ बसला. मी गेलो तेव्हा दाजींनी ती माझ्यासमोर धरली. "ही माळाची माती हाय, मेव्हणं. मी धाडली ओढ्यात." मी म्हटलं, एवढं काय त्यात. पण त्यांनी सोलापुरात एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना गाठलंच. गवत दुष्काळात वर वाळतं पण खाली जिवंत राहतं, पाणी धरतं, माती धरतं, आणि हवा तापवणारा कर्बही मुळांत, जमिनीत साठवून ठेवतं, हे सगळं त्यांनी शाळकरी पोरासारखं वहीत उतरवून घेतलं. मीही त्यांच्याबरोबर गावी निघालो; एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. वही मिटली आणि म्हणाले, "सगळी नोकरी मी वर वाढनारंच बघत ऱ्हायलो बगा."

पुढचं जे झालं त्यासाठी मी त्यांना सगळ्यात जास्त मानतो, आणि त्या वेळी मी त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडलो होतो. त्यांनी ग्रामसभेत उभं राहून हात जोडले. "झाडं लावा म्हनून मीच सांगितलं, आन ती काढा म्हनून बी मीच सांगतोय. मी चुकलो. माळ पडीक न्हवता, त्यो गवताचा व्हता." गिरिपुष्प-सुबाभळीचं लोकांना काही वाटलं नाही. पण रक्षेवरची झाडं? दत्तू नावाचा त्यांचाच एक सोबती, ज्यानं खड्डे काढताना हाताला फोड आणले होते, तो उठला आणि म्हणाला, "आमचा म्हातारा एकदा गेला, नाना. आता तुमी त्येला दुसऱ्यांदा मारताय."  दाजी खाली बसले. त्या दिवशी सभेनं एवढंच ठरवलं की ज्याचं माणूस, त्याची मर्जी. कुणावर बळजबरी नाही.

मग दाजींनी आक्काला विचारून आधी घरची झाडं काढली. मला कळलं ते आक्काकडून. तसाच गेलो. आईच्या कडुलिंबाचं खोड जमिनीलगत कापलेलं होतं, अजून पांढरं, ओलं. मी भर माळावर ओरडलो. "दाजी, तुमच्या आईचं झाड असतं तर तोडलं असतं का असं?" त्यांनी शांतपणे पलीकडं बोट केलं. दहा पावलांवर दुसरं खोड होतं. "आईचं काल तोडलं," म्हणाले. ह्यावर माणसानं गप्प व्हायला हवं. मी झालो नाही. वाटेल ते बोललो, चहा न घेता निघालो आणि वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. गुढीपाडव्याला त्यांचा फोन आला तोही उचलला नाही. आज तो फोन पुन्हा वाजावा असं फार वाटतं.

त्या वर्षी भाऊबीजेला आक्का एकटीच सोलापूरला आली. ओवाळून झालं, ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आईनं उभ्या जन्मात एक झाड लावलं न्हवतं रं. ती माळावर भारा न्याय जायची. तिचं गवतच आपुन तिच्या झाडाखाली मारलं व्हतं. आता परत फुटलंया. येऊन बघ." मी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होतो, माफीची दोन-तीन वाक्यं पाठ केली होती. दाजींनी मला लांबून बघितलं आणि म्हणाले, "आलासा? बरं झालं. त्या कडंला सुबाभळीची पिल्लं उगवल्यात, उपटू लागा." वर्षाचा अबोला त्यांनी असा मिटवला. माझी पाठ केलेली वाक्यं पाठच राहिली.

तेव्हापासून बहुतेक रविवार मी माळावर काढले. सुबाभूळ ही चिवट जात, तोडली तरी तिचं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं. दाजी विळ्याच्या टोकानं मूळ सैल करायचे, मी उपटायचो. मारवेल गवत कुठलं, पवन्या कुठलं, हे त्यांनी मला शिकवलं आणि मी दर वेळी चुकलो की "शिकलेला मानूस!" म्हणून आनंदानं मान हलवायचे. हळूहळू गावही आलं. एकेका घरानं आपापलं झाड काढू दिलं, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यासाठी दाजींनी ओढ्याकाठी करंज-जांभळं लावून दिली. सगळ्यांत शेवटी दत्तू आला. स्वतः कुऱ्हाड घेऊन आला, आणि दाजींना म्हणाला, "तुमी धरू नका, माझं मी काढतो." माळ आता गुडघाभर गवतानं भरलाय. हरणं परत दिसतात. विहिरींचं पाणी होळीनंतरही टिकतं असं गाव सांगतं. दाजी मात्र कुणाला फार बोलू द्यायचे नाहीत. "एका वर्सावर बोलू नगा," म्हणायचे.

दाजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो तर अंगण रोपांनी भरलेलं. आसपासच्या गावांतली माणसं, रोपवाटिकेतले जुने सोबती, जो तो पिशवीतलं रोप घेऊन आला होता. नानांना दुसरं काय वाहणार? कुणीतरी उंच वड जीपमध्ये घालून आणला होता. त्यांच्या नावानं माळावर मधोमध वड लावू, पार बांधू, असं बोलणं सुरू झालं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण लिहिणारा-बोलणारा मी. खरं सांगतो, मलाही तो वड हवा होता. आईची खूण गेली होती, निदान दाजींची तरी असावी असं आतून फार वाटत होतं. मी हो म्हणणार, एवढ्यात आक्का उंबऱ्यापर्यंत आली. "रोपं लावा की," म्हणाली. "ओढ्याला लावा, शाळंम्होरं लावा, ज्येच्या त्येच्या बांधाला लावा. माळावर खड्डा काढायचा न्हाय." कुणीतरी हळूच विचारलं, "मग वैनी, नानांची खूण काय?" आक्का म्हणाली, "खूण नगं. खुणा तोडताना लई तरास झाला त्यांस्नी."

 दत्तूनं वडाची पिशवी खांद्यावर घेतली आणि ओढ्याकडं चालू लागला, त्याच्यामागं बाकीचे. मी आणि आक्का रक्षा घेऊन माळावर गेलो. चालत चालत मूठमूठ सोडत गेलो. कुठं सोडतोय ते मी लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होतो, पण वारा होता, गवत होतं... मागं वळून बघितलं तर काहीच ओळखू येईना.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटा तिकडं गेलो. गवत पिवळं झालेलं, पलीकडं हिराबाईची मेंढरं चरत होती. माळाच्या कडेला उभा राहिलो आणि पाऊल उचलेना. दाजी कुठं आहेत, आई कुठं आहे, पाय कुठं द्यावा, काहीच कळेना. शेवटी चपला काढून हातात घेतल्या आणि आत शिरलो. कुसळं टोचत होती. हिराबाईनं लांबूनच हाक मारली, "ओ पावणं, पायात घाला की! समदं कुसाळ हाय." मी म्हटलं, असू द्या. ती जवळ आली, माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "नाना बी हितं अनवानीच फिरायचं."

मी म्हटलं, "नाही हो हिराबाई. दर रविवारी मी त्यांच्याबरोबर असायचो. पायात बूट असायचे त्यांच्या."

"तुमी आला की तेवढं घालायचं," ती म्हणाली. "म्हनायचं, मेव्हण्यास्नी उगं आईच्या झाडाची आठवन नगं."