आईकडून आलेलं

विसरणाऱ्या माणसांच्या घरात किश्श्यांना तोटा नसतो. ती विसरत जातात आणि किस्से माझ्याकडे साठत जातात. ऐकून लक्षात ठेवायला आता घरात कुणी नाही, म्हणून तुम्हाला पकडलंय!

*

पहिला नंबर मामाचा. एकदा वळ गावी आमच्याकडे आला, पोटभर जेवला, हात धुतले आणि पुन्हा पाटावर येऊन बसला. "वाढ गं, सकालपासून उपाशी हाय!" आईने निमूट वाढलं. तो तेही जेवला! आम्ही हसून बेजार. डॉक्टरांनी अल्झायमर म्हटल्यावर हसणं थांबलं. मामा गेला आणि काही वर्षांनी आईची सुरुवात झाली.

*

आमच्या भातशेतीवर आता गोडाऊन आहे. एकदा आई घरातून सटकली ती थेट तिथे. कंटेनरसमोर उभी राहून ड्रायव्हरला म्हणते, "माझ्या वाफ्यात गाडी लावतंस का रं?" त्याला मराठी कळेना. "माफ करना अम्मा," म्हणून त्याने गाडी मागे घेतली!

*

मी राहनाळच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला. परवा ऐन लोडिंगच्या वेळी स्कॅनर सापडेना. सगळे रॅक पालथे घातले. फोर्कलिफ्टवाला सलीमभाई म्हणाला, "साहब, हाथ में क्या है?" स्कॅनर! सगळे हसले, मीही हसलो. घरी मात्र मामाचं ते दुसरं जेवण आठवलं. एकट्या माणसाला भीतीसुद्धा एकट्यालाच वाटते.

*

शेवटी आईच्या डॉक्टरांनाच विचारलं, "मलाही होणार का?"

"आईला झाला, म्हणून तुम्हाला धोका थोडा जास्त. यात एका जनुकाचाही हात असतो. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. धोक्याचा प्रकार आला तरी रोग होईलच असं नाही, आणि नसला म्हणून सुटलो असंही नाही. बीपी, शुगर सांभाळा, कान तपासून घ्या. आणि सुरुवात झालीच, तर बऱ्याचदा आधी घरच्यांच्या लक्षात येते. घरी कोण असतं?"

"आई."

डॉक्टर बीपीचं मशीन शोधायला लागले. समोरच होतं!

*

माझा तोंडवळा थेट मामाचा. गेल्या रविवारी आईला दूधभात भरवत होतो. तिने माझा हात धरला आणि मला मामा समजून हळूच बोलायला लागली.

"दादा, माझा पोरगा एकटाच हाय रं. लगीन न्हाय, पोरंबालं न्हाईत. त्याला तुज्यासारखं इसरायला झालं, तर त्याच्याकडं कोन बघंल? तू बघशील ना?"

"बघीन," मी म्हणालो.

"माझ्या गल्याची आन घे."

मी तिच्या गळ्याला हात लावून आण घेतली.