दोन्ही टोकं बांधलेला कासरा

विज्ञान प्रदर्शन म्हटलं की मला शिसारी येते. केजजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दरवर्षी ते माझ्याच गळ्यात पडतं. मुलं बीडच्या दुकानातून थर्माकोलची तयार मॉडेलं आणतात, मागचं किमतीचं लेबल खरवडायचीही तसदी घेत नाहीत, आणि प्राचार्य त्यांच्याच पाठी थोपटतात.

यंदा एका मुलीने मात्र स्वतः काहीतरी केलं होतं. तिचे आईवडील दसरा झाला की बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जातात. पहिला नंबर आला तर मावशीकडे राहून शिक, नाही आला तर आमच्याबरोबर फडावर चल, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. टोळी प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी निघणार होती.

तिने वडिलांचा कासरा, बैलांना हाकायचा लांब दोर, आणला होता. मातीचे आठ गोळे एकत्र चिकटवलेले, ती पेशीतली प्रथिनं. त्यांच्याभोवती जेमतेम दोन वेढे दिलेला कासरा, तो डीएनए. या गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. कासऱ्याची दोन्ही टोकं आधी फळीला ठोकून मगच तिने वेढे दिले होते, त्यामुळे उरलेल्या दोराला उलटा पीळ पडून त्याची वेटोळी झाली होती. पेशीतही असंच होतं. टोकं अडकलेली असली की पीळ कुठे जाऊ शकत नाही. जनुक वाचणारं यंत्र पुढे सरकू लागलं की तो त्याच्यापुढे साचतो आणि पुढच्या गुंडाळीचे वेढे सैल करतो.

उद्घाटनाचे पाहुणे, आमचे आमदारसाहेब, वाटेत मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मटण खात बसले होते आणि इकडे पोरं ताटकळत उपाशी. तेवढ्यात वाऱ्याने हॉलच्या दारावरचा साहेबांचा फ्लेक्स सुटला. तोंडात गुटख्याचा तोबरा भरलेला एक कार्यकर्ता आत आला, त्याने खिळे उपटून कासरा ओढून घेतला आणि त्या कासऱ्यानेच फ्लेक्स बांधला. जाताना तिच्या टेबलाखाली पिचकारीही मारली. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, दोरच तर आहे मॅडम, कार्यक्रम झाला की घ्या. मला त्या माणसाची किळस आली होतीच, पण प्राचार्यांची जास्त आली.

परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई आल्या होत्या. गोळे बघून त्यांनी विचारलं, यातला डीएनए कुठे आहे? पोरीने दाराकडे बोट दाखवलं. मग खुर्ची ओढून वर चढली आणि गाठी सोडल्या. साहेबांचा हसरा चेहरा दुमडून खाली आला.

कासऱ्याचं एक टोक तिने बाईंच्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि घट्ट धरायला सांगितलं. मधल्या दोराचे वेढे गोळ्यांवर चढवले तसा उरलेला दोर आमच्या डोळ्यांदेखत पिळवटला आणि त्याची वेटोळी झाली. मग तिने मला टोक सोडायला लावलं. ते गरगर फिरलं आणि पीळ गेला.

“पेशी बी असंच करती,” ती म्हणाली. “पीळ लई झाला की धागा कापती, पीळ जाऊ देती, अन् परत जोडती.”

बाईंनी तिथल्या तिथे पहिला नंबर लिहून टाकला.

त्यानंतर गाड्यांचा ताफा आला. नंबर कोणाचा ते कळताच साहेबांनी मटणाचा वास मारणाऱ्या हाताने बाईंच्या हातातलं टोक घेतलं आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. हे सगळं साहेबांच्या मार्गदर्शनाचं फळ आहे, असं प्राचार्यांनी माइकवरून सांगून टाकलं. फोटो झाला तरी साहेब कासरा हातात धरूनच कोणाशी तरी बोलत होते. पोरगी पुढे झाली आणि तिने हात पसरला.

“कासरा द्या साहेब. उद्या गाडीला लागतो. मी न्हाई जानार आता, पर बैलं जानार हायेत.”