उपाशीपोटीचं रक्त

बाची शुगर तिसऱ्यांदा वाढलेली आली, तेव्हा मी लॅबच्या दारातच त्याच्यावर खेकसले, "खरं सांग, काय खाल्लंस?" लोक वळून बघायला लागले. बघू देत! माझ्या बापाचा डोळा चालला होता, लाज कसली बाळगायची?

एकच डोळा होता त्याला. दुसरा तरुणपणीच गेला, ताडावर चढताना झावळीच्या देठाचा काटा घुसून. आशागडजवळच्या आमच्या पाड्यावर जन्मभर त्याने ताडी काढली, तीही त्या एका डोळ्यावर. आता त्यात मोतीबिंदू पिकला होता. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं की दिसेल. पण आधी उपाशीपोटी रक्त तपासायचं. शुगर वाढलेली असताना हात लावला तर डोळ्यात पू होईल. आणि फार थांबूनही चालणार नाही, मोतीबिंदू आत फुगला तर डोळा कायमचा जाईल.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. गोळ्या चालू केल्या. भात बंद केला, नाचणीची भाकर सुरू केली. साखरेचा डबा मी उचलून वेवजीला माझ्या सासरी नेला. तरी शुगर वरच. मग मी वहिनीला धरलं, "तूच त्याला गोड चहा पाजतेस!" बिचारी रडली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी तरीही विश्वास ठेवला नाही.

चौथ्या खेपेला मी आदल्या दिवशीच पाड्यावर राहायला गेले. पहाटे बाचा जुना जोडीदार खजुरीच्या झाडावरून उतरला, सरळ ओट्यावर आला आणि बाच्या हातात लोटा दिला. बाने तो एका दमात रिकामा केला.

"अरे देवा! बा, हे काय?"

"ताडी गं बाय. आत्ताची आहे, गोड. ही चढत नाही."

"उपाशी राहायचं होतं ना तुला!"

"मग मी खाल्लं कुठं?" तो खरोखरच गोंधळला होता. "पोट रिकामंच आहे. हिच्याशिवाय सकाळ होते होय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. रागावू तरी कोणावर? आमच्याकडे पहाटेची ताडी कोणी खाण्यात धरतच नाही. वहिनीने रोज बघितलं होतं, तिलाही वावगं वाटलं नव्हतं. आणि मी त्याच घरात वाढलेली, मला तरी कुठे सुचलं? एवढे दिवस त्या साखरेच्या पाण्यावर बाचं रक्त तपासत होतो आणि गोळ्या वाढवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नुसत्या पाण्यावर ठेवलं आणि लॅबमध्ये नेलं. शुगर बरोबर आली! मी तो कागद छातीशी धरून ढसाढसा रडले. आता काढतील मोतीबिंदू, बाला दिसेल, मी मनात देवाला नारळसुद्धा बोलून टाकला.

डॉक्टरांकडे जाताना रिक्षात बा डोकं घट्ट धरून बसला होता. डोळा लालभडक झाला होता. विचारलं तर म्हणाला, "बरेच दिवस ठणकतोय. उलट्याही होतात."

"मेल्या, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही परत पुढं ढकललं असतं."

रिक्षावाल्याला म्हटलं, जोरात घे रे बाबा.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान हलवली, छान आहे म्हणाले. मग बाच्या समोर बसले. डोळा बघताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हाताने बाची पापणी वर केली, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि अगदी डोळ्याला भिडवली.

"आजोबा, उजेड कुठून येतोय? बोट दाखवा."

बा ताठ बसला होता. बोट हलेना. डॉक्टरांनी बॅटरी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, परत समोर धरली. मी तोंडात पदर कोंबला.

"लावा की साहेब बॅटरी," बा हसत म्हणाला. "मी तयार आहे."