माती, आरसा आणि साहेबरावांची मूठ

दुखणं घेऊन माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा सोबत एखादी गोष्टही घेऊन येतो. दुखणं बरं झालं की माणूस जातो, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते. अशा इतक्या साठल्यात की चार मित्रमंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो तुमच्या दवाखान्यातला किस्सा सांगा ना!" काही किस्से हसायचे आहेत. बाकीचे सांगताना मी एकदा मागे वळून बघते. उगाचच.

मी फिजिओथेरपिस्ट. अमरावतीत आमचा एक लांबलचक हॉल आहे आणि मधोमध हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे वानखडे सर. ते निसर्गोपचारवाले, अकोल्याहून रोज गाडीनं ये-जा करतात. बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय, 'गोळी नाही, इंजेक्शन नाही'. एवढ्या एका वाक्यावर आमची युती टिकून आहे. बाकी सगळा उलटा कारभार! मी पेशंटला म्हणते, हलवा. सर म्हणतात, पडून राहा. माझ्याकडे वजनं, दोऱ्या, करंटची मशीन. त्यांच्याकडे माती, पाणी आणि वाफ. गुडघा काल किती वाकला आणि आज किती वाकला हे मी मोजत बसते, आणि सर त्याच पेशंटला काल रात्री काय जेवलात ते विचारत बसतात. सुरुवातीला मला त्यांचा फार राग यायचा. एका बाबतीत मात्र आमचं कधीच वाजलं नाही. आपल्या हातातलं नसलेलं दुखणं दिसलं, की दोघंही पेशंटला सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो.

*

सरांकडे वाफेची एक लाकडी पेटी आहे. माणूस आत बसतो, फक्त डोकं वरच्या भोकातून बाहेर. बाकी सगळं बंद.

अचलपूरचे एक एसटी ड्रायव्हर माझ्याकडे आले होते. मान इतकी आखडलेली की डावीकडे बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागायचा. त्यांना टेबलावर बसवून मी हीटिंग पॅड आणायला गेले. तेवढ्यात, हे सरांनी मला नंतर सांगितलं, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडाला. पलीकडे पेटीत एक रिटायर्ड गुरुजी बसले होते. म्हणजे पेटीवर गुरुजींचं डोकं होतं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावरून पाणी ओघळतंय.

ड्रायव्हरसाहेब खाटकन डावीकडे वळले. फक्त मानेनं! डोक्यानं डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं, "किती वाजले जी?"

मी पॅड घेऊन आले तर टेबल रिकामं. ते परत आलेच नाहीत. वानखडे सर अजूनही मला विचारतात, "मॅडम, मान कोणी मोकळी केली म्हणायची, तुम्ही की मी?"

*

सुमनआजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेलेली. मी त्यांचा डावा हात उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "आजी, हा हात कोणाचा?" पेशंटला आपल्या अंगाची जाणीव किती उरलीय, ते आम्ही असंच तपासतो.

आजी म्हणाल्या, "माह्या जावेचा."

असं होऊ शकतं. मेंदूचा तो भाग दुखावला की माणसाला स्वतःचा हात परका वाटतो. आम्हाला हे शिकवलेलंच असतं. म्हणून मी हसून विचारलं, जाऊबाई कुठे असतात? तर त्या वारून बरेच दिवस झाले, असं मुलानं खालच्या आवाजात सांगितलं.

पुढे त्या हाताचे व्यायाम मी घ्यायचे आणि मग सर ओल्या फडक्यानं हात पुसून मालिश करायचे. आजी त्यांना बजावायच्या, थंडच पाणी घ्या, तिले उन्हाळा सोसत नव्हता. सर बिचारे थंड पाणी घ्यायचे. मी त्यांच्यावर चिडायचे. मी म्हणायचे, तुम्ही पेशंटचा भ्रम पक्का करताय. ते म्हणायचे, मी फक्त हात पुसतोय.

मग एका सकाळी, मी सांगत असताना, त्या हाताची करंगळी हलली. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "आजी, बघा, हललं!"

आजींनी बोटाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाल्या, "मंग, मी काय म्हणत होती? आयकते ती."

*

आता साहेबराव.

साहेबराव धामणगाव रेल्वे या गावाकडचे. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ दिलीप कापसाच्या एकाच जिनिंग कारखान्यात कामाला होते. तिथल्या अपघातात दिलीप गेला आणि साहेबरावांचा उजवा हात कोपराखालून गेला. जखम चांगली भरली होती. पण जो हात नाही, तोच दुखत होता. दुखण्याच्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, ठणका जायचा नाही. म्हणून सर्जननीच आमच्याकडे पाठवलं.

ते सांगायचे, हाताची मूठ वळलेली आहे. घट्ट. नखं तळव्यात रुतून राहिलीत, आणि मूठ उघडत नाही. जेवण तुटलं होतं, झोप तुटली होती. त्यांची बायको मंदाताई पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, दीर गेला, ते सहन केलं. पण हा माणूस आता माह्या डोयासमोर जाऊन राहिला." खरंच तसं होतं. दर आठवड्याला त्यांचा शर्ट आणखी ढगळ दिसायचा.

मी कामाला लागले. उरलेल्या हाताच्या स्नायूंना व्यायाम, करंट, शेक. काहीच फरक नाही. मग वानखडे सर पडदा सारून आले आणि साहेबरावांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हात आत्ता कुठं आहे?"

साहेबरावांनी डाव्या हातानं चादरीवरची रिकामी जागा दाखवली. सरांनी तिथे मेणकापड अंथरलं, भिजवलेली काळी माती आणली आणि त्या रिकाम्या जागेवर लिंपायला लागले! मनगटापासून बोटांपर्यंत, नीट, जपून. मला हसू आवरेना.

साहेबरावांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. म्हणाले, "थंड वाटून राहिलं."

त्या दिवशी ते आमच्या टेबलावरच झोपले. मी हसायची थांबले.

*

ठणका थोडा उतरला, पण मूठ काही सुटली नाही. आणि एवढ्यात आमच्यात एक विचित्र सवय शिरली. त्या टेबलाजवळून जाताना सगळे जरा वळसा घालून जायला लागले. झाडूवाल्या मावशी, बाकीचे पेशंट, सर. मी नाही हं! मी शास्त्राची माणूस.

एकदा घाईत होते. दुसऱ्या कोणासाठी गरम पॅक काढला होता, तो साहेबरावांच्या बाजूला चादरीवर टेकवला. साहेबराव किंचाळून उठून बसले. भाजलं म्हणाले.

"सॉरी, सॉरी," म्हणत मी पॅक उचलला आणि त्या जागेवर फुंकर घालायला लागले. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी वाकून रिकाम्या चादरीवर फुंकर घालतेय. आणि त्याहून वाईट म्हणजे साहेबराव म्हणाले, "झालं मॅडम, आता बरं वाटते."

तेव्हापासून मीही वळसाच घालते.

*

मग मी आरसा काढला. ही आमच्या शास्त्रातली मान्य पद्धत आहे, जादू नाही. मधे आरसा उभा करायचा, अपुरा हात त्याच्यामागे लपवायचा आणि चांगला हात समोर ठेवायचा. आरशात बघितलं की दोन्ही हात जागेवर दिसतात. चांगली मूठ हळूहळू उघडायची. आरशातलीही उघडते, आणि मेंदूला वाटतं, सुटली.

साहेबरावांनी आरशात आपला उजवा हात पाहिला. मंदाताई दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, आता मूठ वळा. त्यांनी वळली. आता उघडा.

त्यांनी उघडली नाही. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी ते जे बोलले ते मंदाताईलाही ठाऊक नव्हतं. दिलीपची बाही पट्ट्यात अडकली तेव्हा साहेबरावांनी त्याचा हात धरला होता. ओढत होते. मशीन दोघांनाही ओढत गेली, तरी त्यांनी हात सोडला नव्हता.

"अजून धरून आहो मी त्याले," ते म्हणाले. "तुमी म्हणता सोडा. सोडला त तो जाईन ना."

मी आरसा झाकून ठेवला. त्या दिवशी सरांचं आणि माझं जोरात वाजलं. ते म्हणाले, घाई करू नका, त्याला वेळ द्या. मी म्हटलं, त्या माणसाचं वजन बघितलंत का? वेळ कुठून देऊ?

वेळ मंदाताईनं ठरवली. एका सकाळी ती नवऱ्याला घेऊन आली, स्वतः त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमी त्याले वाचवू पायलं. आता माह्यासाठी सोडा."

त्या दिवशी पहिल्यांदाच हॉलमधला पडदा पूर्ण बाजूला सारला. आरशामागे सरांनी त्या रिकाम्या जागेवर माती लिंपली. समोर मी बसले. साहेबरावांनी मूठ वळली. सर त्यांना श्वास घ्यायला सांगत होते, मी एकेका बोटाचं नाव घेत होते. करंगळी उघडली. मग तिच्याजवळचं बोट. मधलं उघडताना ते लहान मुलासारखे रडायला लागले, पण थांबले नाहीत. शेवटी अंगठा. आरशात उघडा तळवा दिसत होता.

साहेबरावांचे खांदे खाली आले. नखं रुतायची थांबली, म्हणाले. चेहरा असा सैल झाला की मंदाताईनं तोंडाला पदर लावला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. मी आरसा उचलायला हात पुढे केला.

"थांबा मॅडम," साहेबराव म्हणाले. ते आरशाकडे बघत नव्हते. आरशामागच्या मातीकडे बघत होते.

मंदाताईनं घाबरून विचारलं, "काहून? सुटला ना हात?"

"मी त सोडला," साहेबराव म्हणाले. "त्यानं नाही सोडला."