आमच्या दारात पालखी, मी परगावच्या बंदोबस्तात

मंडळी, मी होमगार्ड आहे. एरवी लांज्यात काजूच्या कारखान्यात असतो, बंदोबस्त लागला की खाकी चढवतो.

आज शिमग्याची पालखी आमच्या घरी यायची होती. दारात आली की घरच्या पुरुषानं खांदा द्यायचा, ही आमची रीत. पण मला ड्युटी लागली दुसऱ्याच गावात. इथं पालखीच्या मानावरून दोन वाड्या भांडतायत.

दुपारी शेजारच्या काकांचा फोन आला. "अरे, तुझे बाबा 'मुलगा नाय तर मी देतो' म्हणत खाटेवरून उठले नि अंगणातच पडले. बोलत नायत. रिक्षातून आईबरोबर रत्नागिरीला धाडलंय."

साहेबांकडे धावलो. म्हणाले, "बदली माणूस नाही रे. इथली पालखी देवळात गेली की तू मोकळा."

पालखी अजून वाटेतच अडलीय. कुणी मागे सरत नाही. मी मध्ये काठी घेऊन उभा.

रत्नागिरीत कुणी आहे का? सरकारी दवाखान्यात हिरव्या लुगड्यातली म्हातारी दिसेल, हातात ओटीचा नारळ तसाच असेल. ती माझी आई. मी येईपर्यंत तिच्याजवळ बसाल?