मंजूर झालेला राजीनामा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या मंडळाला वाचनालयासाठी सरकारी अनुदान मिळालं आणि खजिनदार म्हणून मी त्या सगळ्या पैशांचं काचेचं सागवानी कपाट घेतलं. पुस्तकांना पैसाच उरला नाही, हे कपाट भिंतीला लागल्यावर लक्षात आलं.

सभेत शेजारचे मालवणी काका उठले. "खजिनदारानू, आता आमी कपाट वाचूचा काय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "सुतारानं ह्याला किती चारले ते विचारा रे!"

मी हादरलो. अक्कल गहाण टाकली होती, पण पैसा खाल्ला नव्हता. आमच्याकडे दर सभेत कोणीतरी राजीनामा देई आणि बाकीचे हातापाया पडून तो परत घ्यायला लावत. त्याच भरवशावर मी गरजलो, "हा घ्या राजीनामा!" आणि विनवण्यांची वाट बघत उभा राहिलो.

"मंजूर!" बायकांतून आवाज आला. मी वळून पाहिलं. आवाज आमच्या हिचा होता.

घरी आल्यावर मी भडकलो, "अगं, आता मी पैसे खाल्ले असंच म्हणतील सगळे!"

"म्हणू देत," ती म्हणाली. "खजिनदार राहिला असतात, तर ती पुस्तकं माझ्या बांगड्या मोडून आली असती."